‘थोडा टाईट कर, थांबेल’: गंजलेला बोल्ट आणि गळणारा फ्लँज

(ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलं, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

 

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे केलाय. आपला एक श्रोता आयटीआय करून एका कारखान्यात अप्रेंटिस लागलाय. समुद्र जवळ आहे, एवढंच सांगतो. त्याचा प्रश्न असा: “दादा, आमच्याकडे चार इंची लाईन आहे, गरम पाण्याची. फ्लँजमधून थेंब थेंब गळतंय. बोल्ट गंजून लाल झालेत. सुपरवायझर म्हणतात, लाईन चालू आहे, बंद करता येणार नाही, थोडा टाईट कर, थांबेल. पाना लावू का?”

मी त्याला लगेच दोन शब्दांत उत्तर पाठवलं, “नको लावूस.” का नको, ते आज सगळ्यांना सांगतो. कारण हेच मी केलं होतं आणि त्याची खूण अजून माझ्या उजव्या हातावर आहे.

माझा पहिला पावसाळा

डिप्लोमा करून मी एका केमिकल कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. कोकणातला पावसाळा, त्यात खारी हवा. आज रंगवलेला पाईप पुढच्या वर्षी पुन्हा लाल. एका कंडेन्सेटच्या लाईनवर, म्हणजे वाफेचं परत आलेलं गरम पाणी नेणाऱ्या लाईनवर, फ्लँज गळायला लागला. मला सांगितलं गेलं, “जा, जरा टाईट करून ये.”

मी गेलो. नट हलेना. मग सगळे करतात तेच केलं. पान्याच्या मागे पाईप घातला आणि अंगाचा जोर टाकला. नट फिरल्यासारखा वाटला. मनात म्हटलं, आला! आणखी ओढला. कट्‌ असा आवाज झाला, पाना हातातून सुटला आणि त्या बाजूने गॅस्केट फुटून गरम पाण्याचा फवारा थेट मनगटापासून कोपरापर्यंत आला. आमच्या जुन्या फिटर काकांनी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला म्हणून हातावरच निभावलं.

दवाखान्यातून परत आल्यावर काकांनी तो तुटलेला स्टड माझ्यासमोर ठेवला. दोन्ही टोकं नुसती लाल होती, आटे अगदी नीट दिसत होते. पण मधला भाग, जो दोन फ्लँजच्या फटीत दडलेला असतो, तो उंदराने कुरतडल्यासारखा बारीक झाला होता. काका म्हणाले, “तू नट फिरवत नव्हतास. तू स्टड पिळत होतास.”

हे वाक्य नीट समजायला मला पुढची दोन-तीन वर्षं लागली. तुम्हाला पंधरा मिनिटांत समजावं म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

सांधा पाणी कसं धरतो?

घरचा कुकर आठवा. शिट्टी होते ती झाकणाखालची रबरी रिंग दाबली जाते म्हणून. रिंग कितीही नवीन असली आणि झाकण नीट दाबलं गेलं नाही, तर वाफ कडेने फुसफुसते. पाईपच्या सांध्यात तेच असतं. दोन पाईपच्या टोकांना दोन जाड चकत्या, त्यांना फ्लँज म्हणतात. मध्ये गॅस्केट, ज्याला बरेच फिटर पॅकिंग म्हणतात. आणि भोवती बोल्ट किंवा दोन्हीकडे नट असलेले स्टड.

आता महत्त्वाचं. आपल्याला वाटतं, बोल्टचं काम खिळ्यासारखं आहे, दोन वस्तू धरून ठेवायच्या. तसं नाही. बोल्ट घट्ट करतो तेव्हा तो चक्क ताणला जातो, रबर बँडसारखा. त्याला पुन्हा आखूड व्हायचं असतं आणि त्या ओढीने तो दोन्ही फ्लँज एकमेकांवर दाबतो. गॅस्केटवर दाब पडतो तो या ओढीमुळे. मी आज हिला ‘ताण’ म्हणणार आहे.

किती ताणला जातो? आपल्या श्रोत्याची लाईन घेऊ. चार इंची, कमी दाबाच्या वर्गातला, म्हणजे क्लास १५० चा फ्लँज. त्याला आठ बोल्ट, १६ मिलिमीटर जाडीचे. एका बोल्टमध्ये साधारण ५० किलोन्यूटन ताण दिला, म्हणजे पाच टन, आणि दोन नटांमधली लांबी ८० मिलिमीटर धरली, तर बोल्ट लांबतो सुमारे ०.१२ मिलिमीटर.

वहीच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे पूर्ण सांध्याचं पाणी धरून ठेवणं कागदाच्या जाडीएवढ्या ताणावर अवलंबून आहे. नटाखाली जाड रंगाचा थर असेल, भुसभुशीत गंज असेल आणि तो पुढे चिरडून ०.०५ मिलिमीटरने खाली बसला, तर तो ताण तिथेच बराचसा उतरतो. बोल्ट तुटलेला नाही, नट सुटलेला नाही, बाहेरून काहीही बदललेलं नाही. तरी सांधा सैल झालेला असतो.

आणखी एक हिशेब करू. लाईनमध्ये १० बार दाब आहे असं धरा. तो दाब फ्लँज उघडायला किती जोर लावतो? गॅस्केटच्या आतल्या क्षेत्रफळावर मोजला तर सव्वा टनाच्या आसपास. आणि आपण आठ बोल्टचा मिळून ४० टन दाब दिलाय! एवढा कशाला? कारण गॅस्केटला फ्लँजच्या बारीक खोबणींमध्ये रुतवून तिथे दाबून ठेवायला तेवढा लागतो. म्हणून ताण निम्मा झाला तरी सांधा उघडत नाही, फक्त झिरपायला लागतो. सांधा तुटण्याच्या खूप आधी गळतो. थेंब दिसला म्हणजे कुठेतरी ताण गेला आहे किंवा गॅस्केटची जागा खराब झाली आहे, एवढं समजायचं.

गंज काय काय करतो?

गंज म्हटलं की आपण फक्त ‘लोखंड खाल्लं’ एवढंच बघतो. सांध्यात तो तीन वेगळी कामं करतो.

पहिलं काम, बोल्ट बारीक करतो. १६ मिलिमीटरच्या बोल्टचं आट्यांमधलं कामाचं क्षेत्रफळ १५७ चौरस मिलिमीटर असतं. सगळीकडून फक्त एक-एक मिलिमीटर खाल्लं गेलं तर त्यातलं चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त जातं. एक मिलिमीटर ऐकायला किरकोळ, पण ताकद पाव भागाने कमी. त्यात गंज सारखा पसरत नाही. कुठे कुठे खड्डे पाडतो. त्या खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, आणि लाईन थरथरत असेल, सारखी गरम-थंड होत असेल, तर भेग तिथूनच सुरू होते. फाटलेल्या कापडाला जिथे कट असतो तिथूनच ते पुढे फाटतं ना, तसं.

हे सगळं होतं कुठे? बहुतेक वेळा दिसत नाही अशा जागी. दोन फ्लँजच्या फटीत पाणी साचतं, वारा लागत नाही, वाळत नाही. लॅगिंग असेल, म्हणजे उष्णता टिकवायला वर गुंडाळलेलं कवच, तर त्याच्या आत पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. माझा स्टड मधोमध बारीक झाला तो म्हणूनच. बाहेर आलेल्या आट्यांवरचा लाल रंग बघून घाबरायचं कारण नाही, पण त्यावरून निर्धास्तही व्हायचं नाही. तो रंग आतलं काहीच सांगत नाही.

दुसरं काम, पान्याला फसवतो. हे सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. आपण नट फिरवतो तेव्हा लावलेल्या जोराचा मोठा भाग घर्षणात जातो. साधारण निम्मा नटाच्या खालच्या बाजूला, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला. हे चांगल्या स्थितीतल्या बोल्टचं.

आपल्या बोल्टला पाच टन ताण द्यायला, साध्या कोरड्या स्थितीत, सुमारे १६० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण ३२ किलोचा जोर. आता गंजामुळे घर्षण दुप्पट झालं असं धरा. त्याच १६० वर टॉर्क पाना ‘टक्‌’ करतो, आपण खूश, आणि बोल्टमध्ये ताण असतो फक्त अडीच टन. पाना खोटं बोलत नाही. तो फिरवायचा जोर मोजतो, ताण मोजतच नाही.

नट पूर्ण धरलेला असेल तर आणखी वाईट. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, प्रकाराप्रमाणे दुपटीपासून सहापटीपर्यंत. तो आट्यांमध्ये फुगून नटाला पाचरीसारखा धरून ठेवतो. आता तुम्ही पाईप लावून ओढलं की नट आट्यांवर सरकत नाही. नट आणि स्टड एकत्र पिळले जातात. हाताला वाटतं, फिरतोय! प्रत्यक्षात बारीक झालेला मधला भाग कापड पिळावं तसा पिळला जातोय. काकांच्या वाक्याचा अर्थ हा होता. ज्यांनी बाईकच्या सायलेन्सरचा गंजलेला बोल्ट उघडताना तोडलाय, त्यांना हा ‘फिरल्यासारखा’ मऊपणा चांगलाच आठवत असेल.

तिसरं काम, गॅस्केटची बसायची जागा खराब करतो. फ्लँजच्या तोंडावर मुद्दाम बारीक खोबणी कातलेल्या असतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल गोल. गॅस्केट त्यात रुततं. आतून बाहेर जायचं तर पाण्याला एकेक खोबण ओलांडावी लागते. पण गंजाचा एखादा खड्डा या खोबणींना आडवा छेद देत गेला की पाण्याला सरळ वाट मिळते. मग नवीन गॅस्केट टाका, बोल्ट कितीही आवळा, तिथून झिरपणारच. स्टेनलेसचे फ्लँजसुद्धा यातून सुटत नाहीत. खारं पाणी गॅस्केटच्या कडेच्या फटीत अडकलं की तिथला ऑक्सिजन संपतो, स्टेनलेसचा संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही आणि बरोबर गॅस्केटखालीच खड्डे पडतात.

‘थोडंसंच तर गळतंय’

आता ही तीन कामं एकमेकांना कशी जोडली जातात बघा. ताण थोडा कमी झाला, म्हणून गळायला लागलं. जे गळतं ते बाहेर येऊन बोल्ट भिजवतं. बोल्ट गंजतो, ताण आणखी जातो, गळती वाढते. चक्र सुरू.

याचं एक खरं उदाहरण सांगतो. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात फोर्ट कॅल्हून नावाचं अणुवीज केंद्र होतं. तिथल्या अणुभट्टीतून फिरणाऱ्या पाण्यात बोरिक ॲसिड मिसळलेलं असायचं. पातळ, सौम्य, कॅरमवर टाकतो त्या बोरिक पावडरचाच भाऊ. १९८० मध्ये तिथल्या मोठ्या पंपांचे झाकणाचे स्टड तपासले तेव्हा काय दिसलं? गॅस्केटमधून झिरपलेलं पाणी गरम स्टडवर सुकत गेलं, ॲसिड घट्ट होत गेलं, आणि साडेतीन इंच जाडीचे काही स्टड दीड इंचापर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही बारीक झाले होते. साडेतीन इंच म्हणजे मनगटापेक्षा जाड लोखंड! सुदैवाने वेळेत सापडलं.

नंतर १९८८ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक संस्थेने सगळ्या अशा केंद्रांना पत्र पाठवून बोरिक ॲसिडच्या गळतीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. तरीही २००२ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेस केंद्रात अणुभट्टीच्या झाकणात मोठा खड्डा सापडला. साडेसहा इंच जाड पोलाद खाल्लं गेलं होतं, आणि आतलं सुमारे एक सेंटिमीटरचं स्टेनलेसचं अस्तर तेवढं दाब धरून उभं होतं. ती गळती एका नळीच्या भेगेतून होत होती. मग आधी कुणाला कसं कळलं नाही? झाकणावर बोरिक ॲसिडची पुटं दिसत होती. पण वरचे फ्लँज बरीच वर्षं गळायचेच, त्यामुळे ‘ते तिथलंच असेल’ असं धरलं गेलं. छोट्या गळतीची सवय झाली की मोठी गळती तिच्यामागे लपते.

‘स्टेनलेसचे बोल्ट टाकून द्या ना!’

हा प्रश्न येणार मला माहीत आहे. चकचकीत, गंजत नाहीत, विषय संपला. पण थांबा. पाईपलाईनवर नेहमी वापरतात ते बी-७ प्रतीचे स्टड ७२० मेगापास्कलच्या आसपासच्या ताणापर्यंत कायमचे लांबत नाहीत. साधे स्टेनलेसचे बी-८, क्लास १, हे सुमारे २०५ वर हार मानतात. आपल्या बोल्टमध्ये आपण किती दिलाय? पाच टन भागिले १५७, म्हणजे ३१८. बी-८ एवढा ताण धरूच शकणार नाही, तो लांबून सैल पडेल. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे घासून जागीच चिकटतात, आणि मिठाच्या हवेत गरम लाईनवर त्यांना अचानक भेगा जाण्याचा वेगळाच धोका असतो.

उलटही लक्षात ठेवा. स्टेनलेसच्या मोठ्या फ्लँजला साध्या लोखंडाचे छोटे बोल्ट लावले आणि जागा ओली असेल, तर दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि त्यात बळी जातो छोट्या बोल्टचा. म्हणून बोल्ट बदलायचा तर ड्रॉइंगमध्ये लिहिलाय त्याच प्रतीचा. दुसरा हवा असेल तर इंजिनिअरला विचारून.

मग करायचं काय?

आता आपल्या अप्रेंटिस मित्रासाठी, आणि असंच काम करणाऱ्या सगळ्यांसाठी.

गळणाऱ्या, गंजलेल्या सांध्याला दाब असताना पाना लावायचा नाही. लाईन आयसोलेट करायची, दाब उतरवायचा, पाणी काढायचं, परमिट घ्यायचं. चालू लाईनवर बोल्ट आवळायच्या किंवा बदलायच्या पद्धती आहेत, पण त्या आधी हिशेब करून, जबाबदार इंजिनिअरच्या सहीने होतात. ‘जा रे जरा’ म्हणून होत नाहीत.

उघडल्यावर आठही बोल्ट काढून मधला भाग बघा. बारीक झालेला, खड्डे पडलेला बोल्ट बाजूला. खरं तर नवीन टाकणंच स्वस्त पडतं. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तो सेट वापरायचा नाही. फ्लँजचं तोंड स्वच्छ करून बॅटरीच्या उजेडात बघा, आडवा खड्डा किंवा ओरखडा आहे का. नटाखालची जागा घासून रंग आणि गंज काढा, कडक वॉशर घाला. गॅस्केट दर वेळी नवीन.

आट्यांना आणि नटाच्या खालच्या तोंडाला, दोन्हीकडे वंगण लावा. पण इथे एक फसगत आहे. वंगण लावलं की घर्षण कमी होतं, म्हणजे त्याच टॉर्कला ताण वाढतो. निळ्या टेफ्लॉन कोटिंगच्या स्टडचंही तसंच. म्हणून टॉर्कचा तक्ता कोणत्या वंगणासाठी आहे ते आधी वाचा. आणि आवळताना एकामागून एक गोल फिरायचं नाही. समोरासमोरचे बोल्ट घ्यायचे, आधी तीस टक्के, मग सत्तर, मग पूर्ण. शेवटी एकदा गोल फिरून सगळे तपासायचे. काही तासांनी गॅस्केट थोडं बसतं, तेव्हा लाईन सुरू करण्याआधी पुन्हा एक फेरी. हे सगळं सविस्तर हवं असेल तर एएसएमईची पीसीसी-१ नावाची मार्गदर्शिका आहे, कंपनीच्या ऑफिसात मागा.

आणि साहेबांना सांगायचं कसं? ‘मी नाही करणार’ असं म्हणून नव्या पोराचं चालत नाही, मला माहीत आहे. असं सांगा: “सर, स्टड मधून बारीक झाला असेल तर आवळताना तुटेल, मग लाईन तशीही बंद करावी लागेल.” ठरवून बंद केलेली लाईन स्वस्त पडते, हे प्रत्येक सुपरवायझरला कळतं.

परवा त्याचा मेसेज आला. साहेबांनी आधी कुरकुर केली, मग रविवारी लाईन बंद केली. आठातले सहा स्टड ठीक होते, दोन मधोमध बारीक. त्याने फोटो पाठवलाय. माझ्या त्या स्टडचा जुळा भाऊ वाटावा इतका सारखा. काकांना दाखवायला हवा होता, पण ते आता रिटायर होऊन गावी शेती करतात.

तर मंडळी, आज एक करा. सोसायटीच्या पंपरूममध्ये किंवा कामाच्या ठिकाणी एखादा फ्लँज शोधा आणि नुसता बघा. खाली ओघळ आहे का, नटाखाली फुगलेला गंज आहे का. हात लावू नका, पाना तर अजिबात नको. काही दिसलं तर ज्याचं काम आहे त्याला सांगा आणि फोटो मला पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!